बुडालेल्या खोऱ्यांची चित्रं

१६ एप्रिल १९२१, रामनवमी. मुळशी पेट्यात निळा आणि मुळा या नद्यांच्या संगमाजवळ टाटा कंपनीच्या धरणाचं काम चालू होतं. त्या दिवशी आसपासच्या गावांतून बाराशेच्या आसपास माणसं आली आणि कामाच्या जागेवर ठाण मांडून बसली. बहुतेक सगळी भाताची खाचरं कसणारी. काम बंद पडलं. विनायकराव भुस्कुटे आणि पांडुरंग महादेव बापट हे या सत्याग्रहाच्या अग्रभागी होते. बापटांना 'सेनापती' ही उपाधी मिळाली ती याच लढ्यात. धरणाविरुद्ध उभी राहिलेली जगातली पहिली संघटित चळवळ म्हणून राजेंद्र व्होरा यांनी आपल्या ग्रंथात तिचा इतिहास लिहिला आहे.

सदुसष्ट वर्षांनी, १६ एप्रिल १९८८ रोजी, जपानमधल्या चित्रपटगृहांत एक ॲनिमेशनपट लागला. नाव 'माय नेबर टोटोरो', दिग्दर्शक हायाओ मियाझाकी. आईच्या आजारपणामुळे वडिलांबरोबर गावी राहायला आलेल्या दोन लहान बहिणी, घरामागचं भलंमोठं कापराचं झाड आणि त्या झाडात राहणारा, मुलांनाच दिसणारा एक केसाळ वनदेव. तारखांचा हा मेळ निव्वळ योगायोगाचा आहे. पण टोटोरोची गोष्ट ज्या टेकड्यांवर घडते त्यांचा आणि आपल्या मावळाचा इतिहास शेजारी शेजारी ठेवून पाहिला की योगायोगाच्या पलीकडचं बरंच काही हाती लागतं.

मियाझाकी आणि त्यांच्या साथीदारांच्या चित्रपटांबद्दल आपल्याकडे आता पुष्कळ बोललं जातं. मुलं ते मोबाइलवर पाहतात आणि मोठी माणसं 'निसर्गाचा सुंदर संदेश' एवढं म्हणून मोकळी होतात. मला ही समजूत अपुरी वाटते. या चित्रपटांतला निसर्ग हवेत तरंगणारा नाही. प्रत्येकाच्या मागे एक विशिष्ट टेकडी, एक विशिष्ट नदी, कुठल्या तरी खाडीचं विष आणि कुणाचं तरी उठलेलं गाव आहे. ती चित्रं समजून घ्यायची तर आधी त्या गावांचा इतिहास सांगावा लागतो. आणि मावळात बसून तो सांगायचा तर सुरुवात वडिवळ्यापासून करणं बरं.

कामशेतच्या उत्तरेला नाणे मावळात वडिवळे आहे. इथे कुंडलिका इंद्रायणीला मिळते आणि संगमावर संगमेश्वराचं जुनं देऊळ आहे. पावसाळ्यात 'वडिवळे धरणातून इंद्रायणीत विसर्ग, नदीकाठच्या गावांना सावधानतेचा इशारा' अशी बातमी दरवर्षी वाचायला मिळते ती याच गावाच्या धरणाची. पण पाणी अडवण्याची गोष्ट या खोऱ्यात त्याच्या कितीतरी आधी सुरू झाली. नाणे मावळाच्या वरच्या अंगाला टाटांचा शिरोटा तलाव आहे. तिथलं पाणी बोगद्याने वळवणच्या तलावात जातं आणि तिथून पुढे घाटाखाली उतरतं. म्हणजे एकाच खोऱ्यातलं वरचं पाणी पश्चिमेला कोकणाकडे वळवलेलं आणि खालचं पूर्वेला देहू-आळंदीकडे वाहणारं. अंदर मावळात आंध्रा नदीवर ठोकरवाडीचं धरण, पवन मावळात पवना धरण. तिन्ही मावळांपैकी एकही खोरं विसाव्या शतकातून मोकळं सुटलं नाही.

ही सगळी मांडणी सुरू झाली १९१० साली, टाटा हायड्रो-इलेक्ट्रिक कंपनीच्या स्थापनेपासून. पुढच्याच वर्षी लोणावळ्यात धरणाचा पायाभरणी समारंभ झाला आणि १९१५ मध्ये खोपोलीच्या वीजघरातून मुंबईच्या गिरण्यांना वीज मिळू लागली. कल्पना साधी आणि अचाट होती. सह्याद्रीच्या माथ्यावर मोसमी पाऊस धो धो कोसळतो. तो तिथेच अडवायचा आणि पूर्वेला शेकडो मैल वाहत जाण्याऐवजी पश्चिमेच्या कड्यावरून नळांतून सुमारे पाचशे मीटर खाली सोडायचा. त्या धारेवर टर्बाइनं फिरवायची. कोळशाच्या धुराने काळवंडलेल्या गिरणगावाला स्वच्छ वीज मिळाली, हे खरंच आहे. त्यासाठी कुणाची तरी खाचरं पाण्याखाली गेली, हेही तितकंच खरं. १९२२ मध्ये आंध्रा खोऱ्याच्या पाण्यावर भिवपुरीचं वीजघर सुरू झालं. त्याआधीच पुढचा घास मुळशीचा ठरला होता.

लोणावळा आणि आंध्रा खोऱ्यात माणसं मुकाट उठली. मुळशीकर मात्र अडून बसले. पन्नासेक गावं आणि सुमारे अकरा हजार माणसं यांचा प्रश्न होता. जमीन आंबेमोहर भाताची. १८९४ चा भूसंपादन कायदा सरकारने कंपनीच्या दिमतीला दिला होता. पहिल्या सत्याग्रहानंतर काम काही महिने थांबलं, मग पुन्हा सुरू झालं. धरपकड झाली, शिक्षा झाल्या. या लढ्याचा सगळ्यात दुखरा भाग तुरुंगाचा नव्हता. दुखरी होती आपसातली फूट. जमिनीची मालकी बरीचशी पुण्यातल्या सावकारांकडे होती आणि कसणारे मावळे कुळं होते. चांगला मोबदला मिळतो असं दिसल्यावर सावकारांना धरण नको असण्याचं कारणच उरलं नाही. शेतकऱ्यांतही मतं फुटली. कुणी म्हणे पैसे घ्यावेत, कुणी म्हणे मरेन पण उठणार नाही, कुणी कोर्टाचं दार दाखवी. अहिंसेच्या मर्यादा कुठे संपतात यावर खुद्द सत्याग्रहींत वाद होते. अखेर डिसेंबर १९२४ मध्ये बापट आणि त्यांच्या साथीदारांनी शस्त्रं घेऊन धरणाच्या कामाची रेल्वेगाडी अडवली. बापटांना सात वर्षांची शिक्षा झाली. धरण झालं. १९२७ मध्ये भिऱ्याचं वीजघर चालू झालं.

आता जपानकडे वळू. तिथेही एक मुळशी होऊन गेली होती आणि तीही आपल्या आधी. तोक्योच्या उत्तरेला आशिओ इथे तांब्याची मोठी खाण होती. तिचं विषारी पाणी वातारासे नदीत उतरे. मासे मेले, पूर आला की भातशेतीवर विषारी गाळ बसे, भाताचे लोंबे पोचट राहत. तानाका शोझो नावाचा शेतकरी कुटुंबातला माणूस १८९० च्या पहिल्या निवडणुकीत संसदेवर निवडून आला आणि दहा वर्षं त्याने हा एकच विषय लावून धरला. काही होईना, तेव्हा १९०१ मध्ये राजीनामा देऊन त्याने रस्त्यात सम्राटाची गाडी गाठून हातात अर्ज द्यायचा प्रयत्न केला. सरकारने खाण बंद केली नाही. पुराचं पाणी साठवायला मोठा जलाशय करायचा असं ठरवलं आणि त्यासाठी यानाका हे गाव निवडलं. खाणीविरुद्धच्या आंदोलनाचा बालेकिल्ला नेमका तोच. तानाका १९०४ मध्ये त्या गावी राहायला गेला. १९०६ मध्ये गाव कागदावरून पुसलं गेलं आणि १९०७ मध्ये, न उठलेल्या सोळा कुटुंबांची घरं पोलिसांच्या बंदोबस्तात पाडली गेली. १९१३ मध्ये तानाका वारला तेव्हा त्याच्या झोळीत 'नवा करार', जपानची राज्यघटना, रोजनिशीची वही आणि नदीकाठी वेचलेले काही दगड असा मोजकाच ऐवज होता.

बापट आणि तानाका यांनी एकमेकांचं नाव ऐकलं असेल असं मला वाटत नाही. पण ते एकाच काळाचे आणि एकाच जातकुळीचे होते. देश पुढे जातोय, त्यात एखादं खोरं बुडालं तर काय बिघडलं, हा युक्तिवाद दोघांनीही ऐकला आणि दोघांनीही मानला नाही.

दुसऱ्या महायुद्धानंतर जपानने जी धाव घेतली तिची किंमत समुद्राने मोजली. क्युशू बेटावरच्या मिनामाता खाडीत चिस्सो कंपनीचा कारखाना पाऱ्याचं सांडपाणी सोडत होता. पारा माशांत गेला, माशांतून मांजरांत आणि माणसांत. मांजरं वेड्यासारखी नाचत समुद्रात पडू लागली. माणसांचे हातपाय लुळे पडले, वाचा गेली, पोटातली मुलं अपंग जन्मली. १ मे १९५६ ला रोगाची अधिकृत नोंद झाली. पण कारखान्यामुळेच हे झालं हे सरकारने मान्य केलं १९६८ मध्ये. या बारा वर्षांत सांडपाणी वाहतच होतं.

मियाझाकींचा जन्म १९४१ चा. म्हणजे ही बातमी ऐकत ते मोठे झाले. मिनामाताबद्दल ऐकलेली एक गोष्ट त्यांच्या मनात घर करून राहिली. विषाच्या भीतीने त्या खाडीत मासेमारी थांबली आणि मग तिथे मासे पुन्हा वाढू लागले. माणसाने जे नासवलं त्यात जीव आपला मार्ग शोधतात. १९८२ मध्ये सुरू झालेल्या 'नौसिका' या त्यांच्या चित्रकथेचं आणि ११ मार्च १९८४ ला आलेल्या त्याच नावाच्या चित्रपटाचं बीज इथे आहे. पृथ्वीवर विषारी बुरशीचं अरण्य पसरलंय, त्यात महाकाय कीटक राहतात आणि उरलीसुरली माणसं तोंडाला मुखवटे बांधून जगतात. सगळ्यांना ते अरण्य जाळून टाकायचंय. नौसिका ही एका छोट्या खोऱ्याची राजकन्या. ती त्या झाडांची रोपं स्वच्छ पाण्यात आणि स्वच्छ मातीत लावून पाहते, आणि तिच्या लक्षात येतं की झाड विषारी नाहीच. विष मातीत आहे, माणसाने कालवलेलं, आणि झाडं ते शोषून घेतायत. अरण्याच्या तळाशी, मुळांच्या खाली, निर्मळ पाणी झिरपत असतं.

हा चित्रपट आला त्याच वर्षीच्या डिसेंबरात भोपाळची विषारी वायुगळती घडली. मुखवटा न लावलेल्या माणसांचं काय होतं ते आपण पाहिलं.

'नौसिका'ला यश मिळालं आणि १९८५ मध्ये स्टुडिओ घिबली उभा राहिला. या स्टुडिओतले दुसरे मोठे दिग्दर्शक इसाओ ताकाहाता. त्यांचं नाव आपल्याकडे कमी घेतलं जातं, आणि मला ते फार खटकतं. यानागावा या कालव्यांच्या गावी ताकाहाता एका ॲनिमेशनपटासाठी जागा पाहायला गेले. तिथे त्यांना एक खरी गोष्ट सापडली. सत्तरच्या दशकात हे कालवे गटारासारखे झाले होते आणि नगरपालिकेने ते बुजवायचं ठरवलं होतं. पालिकेतल्याच हिरोमात्सु त्सुताए या अधिकाऱ्याने वरिष्ठांना थांबवलं आणि नागरिकांना घेऊन कालवे उपसले. ताकाहातांनी ॲनिमेशन बाजूला ठेवून त्यावर जवळजवळ तीन तासांचा माहितीपट केला. तो १९८७ मध्ये आला आणि त्याला पैसा मिळाला 'नौसिका'च्या उत्पन्नातून. इतक्या बारकाईने पाणी पाहिलेला माणूसच पुढचं काम करू शकत होता. पण त्या कामाकडे वळण्याआधी टोटोरोकडे परत जाऊ.

टोटोरोच्या टेकड्या म्हणजे तोक्यो आणि साइतामा यांच्या सीमेवरच्या सायामा टेकड्या. मियाझाकी त्यांच्या जवळच तोकोरोझावाला राहतात. इथे मावळच्या वाचकाने थोडं थांबावं, कारण या टेकड्यांच्या कुशीतही धरणं आहेत. तोक्योला पाणी हवं म्हणून मुरायामाचे दोन जलाशय १९२४ आणि १९२७ मध्ये पुरे झाले. आपल्या भिऱ्याच्या वीजघराचंही साल १९२७ च. यामागुचीचा जलाशय १९३४ चा. त्यासाठी खोऱ्यातल्या वस्त्या उठवल्या गेल्या. पण पाणलोट राखायचा म्हणून भोवतीचं रान राखलं गेलं, आणि शहर चहूकडून चढत आलं तरी या टेकड्या हिरव्या उरल्या. ज्या पाण्याने गावं बुडवली त्याच पाण्याने रान वाचवलं. असा गुंता मांडायला सोपा नसतो. ऐंशीच्या दशकात त्या रानाचे कडेचे तुकडे घरबांधणीसाठी विकले जाऊ लागले. तेव्हा स्थानिक लोकांनी टोटोरोचं नाव घेऊन १९९० मध्ये निधी उभारला, मियाझाकींनी त्याला पाठिंबा दिला आणि जमिनीचे तुकडे विकत घ्यायला सुरुवात झाली. 'टोटोरोचं रान क्रमांक १', मग २, मग ३ असे ते आकडे आजही पुढे चालले आहेत. कागदावर काढलेल्या एका वनदेवाने खरीखुरी जमीन वाचवली. चित्रपटाच्या इतिहासात अशी उदाहरणं फार नाहीत.

मात्र मुळशीच्या सगळ्यात जवळ जाणारा चित्रपट टोटोरो नाही. तो ताकाहातांचा 'पोम पोको', १९९४ चा. तोक्योच्या पश्चिमेला तामा टेकड्यांवर नवं शहर वसवायचं १९६५ मध्ये ठरलं. जवळजवळ तीन हजार हेक्टरचा हा प्रकल्प. १९७१ पासून लोक राहायला आले. टेकड्यांचे माथे कापून सपाट केले, झाडोरा गेला, शेतं गेली. ताकाहातांनी ही गोष्ट तिथल्या तानुकींच्या तोंडून सांगितली. तानुकी हा कोल्ह्याच्या कुळातला, रॅकूनसारखा दिसणारा प्राणी. जपानी लोककथांत तो रूप पालटतो, माणसांना चकवतो.

तानुकींची सभा भरते. एकजण म्हणतो, माणसांवर हल्ला करा. म्हातारी म्हणते, आधी शिका, रूपं पालटायची विद्या जागवा. शिकोकूहून वृद्ध गुरू बोलावले जातात. मग एका रात्री नव्या शहराच्या रस्त्यांवरून भुतांची अफाट मिरवणूक निघते. जपानी लोककथांतली सगळी भुतं एका रांगेत. माणसं घाबरतील, निघून जातील, अशी आशा. माणसं खिडक्यांत येऊन टाळ्या वाजवतात. दुसऱ्या दिवशी एका करमणूक उद्यानाचा मालक सांगतो, ही आमची जाहिरात होती. मग फूट पडते. काही तानुकी लढून मरतात. काही धर्माच्या नावाने भरकटतात. कोल्हे येऊन सांगतात की आम्ही कधीच माणसं होऊन नोकरीला लागलो, तुम्हीही तेच करा.

हे पाहताना मला मुळशीची छावणी आठवते. मोबदला, कोर्ट, सत्याग्रह, शस्त्र. हरत जाणाऱ्या माणसांपुढचे तेच चार रस्ते, तीच भांडणं. ताकाहातांनी भुस्कुटे वाचले नव्हते. हरणाऱ्या समाजाचं मन त्यांना ठाऊक होतं.

शेवटाकडे तानुकी उरलेली सगळी विद्या पणाला लावून एक काम करतात. नव्या शहराच्या जागी जुनी टेकडी क्षणभर उभी करतात. इमारती विरून जातात. भाताची खाचरं, पाटाचं पाणी, मातीचा रस्ता, त्यावरून येणारी माणसं. शहरातली माणसं गच्चीतून ते पाहतात आणि कुणाला त्यात आपली आई दिसते. ती हाक मारतात. मग ते सगळं विरतं. एकही इमारत हलत नाही. पण तेवढ्या मिनिटांत ताकाहातांनी जे साधलं ते शंभर अहवालांनी साधत नाही. इथे काय होतं, हे त्यांनी दाखवलं.

पवन मावळात निसर्ग स्वतःच दरवर्षी असा प्रयोग करतो. उन्हाळ्यात पवना धरणाचं पाणी ओसरलं की वाघेश्वराचं देऊळ पाण्यातून वर येतं. काळ्या दगडाच्या भिंती, सभोवती भेगाळलेला गाळ. लोक गाड्या घेऊन पाहायला जातात आणि फोटो काढतात. त्या देवळाच्या सभोवती गाव होतं, वाटा होत्या, खळी होती, हे त्या फोटोत येत नाही. याच धरणाचं पाणी बंद नळातून पिंपरी-चिंचवडला न्यायच्या योजनेविरुद्ध ९ ऑगस्ट २०११ रोजी बऊरजवळ द्रुतगती मार्गावर शेतकरी उतरले. पोलिसांच्या गोळीबारात तिघांचा मृत्यू झाला. बऊर ते वडिवळे अंतर काही फार नाही.

१२ जुलै १९९७ ला 'प्रिन्सेस मोनोनोके' आला. त्याची पार्श्वभूमी मुरोमाची काळातली. जंगलाच्या काठावर लोखंड गाळणारी एक वसाहत आहे. तिथे चालते ती तातारा भट्टी. जपानच्या इझुमो भागात ती खरोखर चालत असे. नदीतून वेचलेली लोहवाळू आणि लाकडी कोळसा आलटून पालटून घालत तीन-चार दिवस भट्टी अखंड पेटती ठेवायची. त्या भट्ट्यांनी डोंगरच्या डोंगर बोडके केले. चित्रपटातली वसाहतीची मालकीण एबोशी जंगल तोडते, वराहदेवाला बंदुकीची गोळी घालते आणि अखेर वनदेवाचं शिर उडवते. पण याच एबोशीने कुंटणखान्यांतून बायका सोडवून त्यांना काम दिलंय आणि महारोग्यांच्या जखमा ती स्वतःच्या हाताने धुते. तिच्याशिवाय त्या माणसांना जगात जागा नाही. मियाझाकी तिला खलनायिका होऊ देत नाहीत, आणि माझ्या मते हीच या चित्रपटाची खरी उंची आहे.

आपल्याकडची देवराई म्हणजे तेच रान. देवाच्या नावाने राखलेलं, जिथली वाळकी काटकीही उचलायची नाही असं. १९७० च्या दशकात माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी महाराष्ट्रातल्या देवरायांचा अभ्यास केला. तेव्हा त्यांना पानशेतच्या बाजूला काय दिसलं? धरणासाठी रस्ते झाले, रस्त्यांमागून कोळशाचे व्यापारी आले आणि धरणात जमिनी गेलेल्या गावकऱ्यांनीच पोटापाण्यासाठी मिळेल त्या कवडीमोल भावाने झाडं विकली. डोंगर उघडे पडले. झाडं तोडणारा हात गरिबाचा होता. त्याला तिथवर आणणारी साखळी लांबवर शहरात सुरू होत होती. एबोशीच्या वसाहतीतल्या माणसांकडे पाहून मला हे गावकरी दिसतात. त्यांच्यावर रागवायचं तरी कसं?

मियाझाकींच्या या रानामागे एक शास्त्रीय विचारही आहे. वनस्पतिशास्त्रज्ञ नाकाओ सासुके यांनी साठच्या दशकात मांडलं की हिमालयाच्या पायथ्यापासून भूतान, आसाम, युन्नानमार्गे नैर्ऋत्य जपानपर्यंत सदाहरित वृक्षांचा एकच पट्टा पसरलेला आहे आणि त्यात राहणाऱ्या समाजांच्या शेतीत, खाण्यात आणि चालीरीतींत साम्य आहे. हे वाचून आपल्याला मोकळं वाटलं असं मियाझाकींनी सांगितलं आहे. राष्ट्राच्या कुंपणाआधी रान असतं, ही जाण त्यांच्या चित्रांत भिनलेली दिसते.

आणि शेवटी नदी. २००१ च्या 'स्पिरिटेड अवे' या चित्रपटात देवांसाठी चालवलेलं एक स्नानगृह आहे. एका रात्री तिथे चिखलाने बरबटलेला, असह्य दुर्गंधीचा एक देव येतो. सगळे नाक धरून पळतात. त्याला न्हाऊ घालायचं काम चिहिरो या दहा वर्षांच्या पोरीवर पडतं. त्याच्या अंगात काहीतरी रुतलेलं तिच्या हाताला लागतं. सायकलचा दांडा असतो तो. दोर बांधून सगळे मिळून ओढतात. सायकल निघते आणि तिच्यामागून लोखंड, पिंपं, भंगार, प्लास्टिक यांचा डोंगर बाहेर पडतो. मग एक प्राचीन, हसरा चेहरा दिसतो. तो नदीचा देव होता. मियाझाकींनी आपल्या घराजवळच्या नदीची सफाई स्वतः केली होती आणि तिच्यातून सायकल ओढून काढली होती. त्या अनुभवातून हा प्रसंग आला. त्याच चित्रपटातला हाकु नावाचा मुलगा आपलं नाव विसरलाय, आणि तो ज्या नदीचा देव होता ती बुजवून तिच्यावर इमारती उभ्या राहिल्यात.

वडिवळ्याहून निघालेली इंद्रायणी देहूला जाते आणि पुढे आळंदीला. तुकोबांच्या गाथेच्या वह्या जिने परत दिल्या अशी आपली श्रद्धा, तीच ही नदी. गेल्या काही वर्षांत आळंदीच्या घाटावर तिच्यावर पांढरा फेस तरंगताना वारकऱ्यांनी पाहिला आहे. कारखान्यांचं आणि घरांचं सांडपाणी तिच्यात येतं. तरीही लोक त्यात उतरतात, ओंजळ भरून डोळ्यांना लावतात. ही श्रद्धा खोटी नाही. पण तिच्या अंगात रुतलेला दांडा हाताने चाचपून पाहणारी चिहिरो आपल्याकडे अजून कुणी काढलेली नाही.

काढता आली नसती असं अजिबात नाही. खोपोलीची वीज मुंबईला पोचली त्याच १९१५ साली दादासाहेब फाळक्यांनी 'आगकाड्यांची मौज' केली होती, काड्या एकेक हलवून. पुण्यात प्रभातने १९३४ मध्ये 'जंबू काका' हा व्यंगचित्रपट काढला. मुळशीची रेल्वेगाडी अडवल्याला तेव्हा जेमतेम दहा वर्षं झाली होती. मुंबईच्या फिल्म्स डिव्हिजनमधून घडलेल्या राम मोहन यांनी नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला जपानच्या युगो साको यांच्याबरोबर रामायणावर चित्रपट केला. म्हणजे हात होते, विद्याही होती आणि जपानशी ओळखही झाली होती. विस्थापितांची कहाणी मराठीत लिहिली गेली नाही असंही नाही. भुस्कुट्यांनी मुळशीचा इतिहास लिहिला, विश्वास पाटलांची 'झाडाझडती' आहे. पण ती मोठ्यांची पुस्तकं. मावळातल्या सात-आठ वर्षांच्या मुलाला आपल्या गावच्या तलावाखाली काय आहे ते दाखवणारं एकही चित्र माझ्या पाहण्यात नाही, आणि ही उणीव मला गंभीर वाटते. तानाकाच्या देशाने यानाका गमावलं, मिनामाता भोगलं आणि मग त्यातून मुलांसाठी अशा गोष्टी काढल्या की त्या पाहून वाढलेल्या लोकांनी टेकड्या विकत घेऊन राखल्या. आपण लढलो त्यांच्याइतकंच. चित्र काढायचं तेवढं राहून गेलं.

पुण्यात आज ॲनिमेशन शिकवणाऱ्या संस्था आहेत आणि मुलं हौसेने तिथे जातात. त्यांतली बरीच टोटोरो काढत हात बसवतात. त्यांना माझं एवढंच सांगणं आहे: एकदा कामशेतला उतरा, नाणे मावळात जा, पौडला जा, पवनानगरला जा. पवनेचं खोरं बुडण्यापूर्वी पाहिलेली माणसं आता सत्तरी-ऐंशीच्या घरात आहेत. घर कुठे होतं, खळं कुठे होतं, नदी कुठून ओलांडायची, देवराईत कुठल्या झाडाखाली देव होता, हे त्यांना अजून बोट दाखवून सांगता येतं. ती आहेत तोवर त्यांच्याशेजारी बसून ते खोरं कागदावर उतरवून घ्या.